बुटाला खूण नको

आमच्या घरात नवा बूट नवा म्हणून कधी पायात गेलाच नाही. दुकानातून आला की आधी बाबांच्या मांडीवर. बाबा तो उलटा करायचे, टाच दाबून बघायचे, नाक मुरडायचे आणि म्हणायचे, "नुसता चिकटवलाय मेल्यांनी." मग पेटीतून रापी निघायची. रापी म्हणजे चामडं कापायची चपटी सुरी. तिचं पातं सोलच्या कडेला शिरलं की दादा घर डोक्यावर घ्यायचा. त्याला बिचाऱ्याला आयुष्यात एकदा तरी दुकानातून आणलेला बूट आहे तसा घालून मिरवायचं होतं. स्वतःच्या लग्नाचे बूट त्याने मित्राच्या घरी लपवून ठेवले होते. आदल्या दिवशी बाबांनी तेही शोधून काढले आणि त्यांना टाचा मारून दिल्या. दादा लग्नाच्या फोटोत जो कडू चेहरा करून उभा आहे, तो त्यामुळे. वहिनीचा काही दोष नाही.

बाबांचा हा धंदा नव्हता. ते छापखान्यात मशीनवर होते. मशीनचा आवाज जरा बदलला की चहाचा कप हातात तसाच धरून उठायचे आणि नेमका झिजलेला भाग दाखवायचे. बूट दुरुस्तीचं काम घरातलं, रविवारचं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर सगळ्यांचे बूट-चपला ओळीने, मधे लोखंडी पाय, म्हणजे ज्यावर बूट उलटा घालून ठोकतात तो. शेजारी सोल चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. त्या वासाने आई खिडक्या उघडत फिरायची आणि बडबडायची.

हे सगळं सुरू झालं माझ्यामुळे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे, जन्मापासून. लहानपणी दवाखान्यातून एक जोड करून दिला होता. त्यातल्या डाव्याचा सोल इतका जाड होता की तो बूट नव्हताच, पायाला बांधलेली वीट होती. शाळेत पहिल्याच दिवशी मला एक नाव पडलं. ते नाव मी अजून कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही सांगणार नाही. घरी आल्या आल्या मी तो बूट खिडकीतून खाली भिरकावला. बाबा गुपचूप जिना उतरून गेले, बूट उचलून आणला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"कुणाला कळता कामा नये, एवढंच ना ठके?" त्यांनी विचारलं. ठकी हे त्यांनीच ठेवलेलं नाव. मी नाक पुसत मान हलवली.

मग त्यांनी जी युक्ती काढली, तिच्यावर मी आजवर चालत आले आहे. दोन्ही बुटांना सारख्याच जाडीचा सोल. पण डाव्यात आतून कडक रबर आणि बुचाचे थर, आणि उजव्यात स्पंज. उजवा पाय टेकला की स्पंज दबतो आणि पाय खाली बसतो, डावा आहे तिथे उंच राहतो, आणि मी सरळ उभी राहते. दोन्हींच्या खाली एकाच शीटमधून कापलेलं रबर, कडा घासून काळ्या केलेल्या. वरून बघणाऱ्याला दोन्ही बूट जुळे. आणि हिचेच बूट तेवढे दुरुस्तीला का जातात, असं कुणी म्हणू नये म्हणून घरातले सगळेच बूट उघडायचे. आईच्या साध्या चपलासुद्धा सुटल्या नाहीत.

बूट तयार झाले की परीक्षा. स्वयंपाकघराच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत आमची फरशी सलग आहे. बाबा भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चाल." मी चालायचे. ते बघायचे नाहीत, फक्त ऐकायचे. "पुन्हा." मी पुन्हा चालायचे. "डावा थोडा आधी पडतोय. काढ." मग पॉलिश पेपरने दोन हात घासायचं आणि पुन्हा चालायचं. दोन्ही पायांचा आवाज सारखा आला की ते डोळे उघडून म्हणायचे, "आता जा कुठे जायचंय तिथे."

एकदा मी म्हटलं होतं, "बाबा, आतून एक बारीक खूण करून ठेवा ना. कधी तुमचा गोंधळ झाला तर?"

"खूण केली की ती कुणीतरी बघणार," ते म्हणाले. "आणि माझा गोंधळ कशाला होतोय? तुझा पाय माझ्या हाताला पाठ आहे."

मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. काउंटरमागे पाय दिसत नाहीत म्हणून ही नोकरी धरली, असं दादा म्हणतो. त्याचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच त्याचा राग येतो. दुकानात इतकी वर्षं काढली, पण परवापरवापर्यंत माझ्या मालकाला माझ्या पायाचं माहीत नव्हतं.

दादा लग्नानंतर वेगळा राहायला गेला होता, त्यामुळे आई गेल्यावर घरात बाबा आणि मी दोघंच उरलो. बाबांचं विसरणं कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. लक्षात आलं ते माझ्या न्हाणीघरातल्या चपलेमुळे. सोल सुटला होता, बाबांनी नवा लावला. पुढच्या आठवड्यात त्यावर आणखी एक लावला. त्यानंतर आणखी एक. मी आधी हसले. "बाबा, मला वरचा माळा झाडायला शिडी लागणार नाही आता," असं म्हटलं. तेही हसले. मग त्यांनी चपलेकडे बघितलं आणि त्यांचं हसू मधेच थांबलं.

पुढे एकदा रापी घसरली आणि तळहात चिरला. ते रक्त तसंच ठेवून काम करत बसले होते. मी दुकानातून आले तेव्हा वर्तमानपत्र भिजलेलं. टाके घालायला दादाने गाडी आणली, आणि दवाखान्यातून परतताना गाडीतच विषय काढला.

"ती पेटी मी घेऊन जातो," दादा म्हणाला. "धारदार वस्तू, सोल्युशन, खिळे. घरी एकटे असतात दिवसभर. उद्या काही झालं तर?"

"पेटी गेली तर हे दिवसभर करतील काय?" मी म्हटलं. "भिंतीकडे बघत बसतील?"

"तू दुकानात असतेस. तुला काय कळतंय, दिवसभर काय करतात ते?"

दादा वाईट नाही. त्याला काळजी वाटते, आणि काळजी वाटली की त्याचा आवाज चढतो. माझाही चढतो. आम्ही दोघं पुढच्या सीटवर भांडत होतो आणि मागे हाताला पट्टी बांधलेले बाबा बसले होते, हे आम्ही विसरलोच होतो.

"ठकीला नवे बूट घ्यायचेत," मागून बाबा म्हणाले. "जुन्यांचा स्पंज बसलाय. नवे आणा. मी करून दाखवतो. आवाज सारखा आला तर पेटी राहील. नाही आला तर ने."

दादाने आरशातून मागे बाबांकडे बघितलं. मग मान हलवली. ठरलं.

हाताचे टाके निघाले तसे मी बूट आणले. काळे, नाडीचे, रुंद टाचेचे. बाबांनी ते हातात घेतले आणि नाक मुरडून म्हणाले, "नुसता चिकटवलाय मेल्यांनी." मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले. मी दुकानात असताना ते काम करायचे, संध्याकाळी मी आले की बूट फडक्याखाली झाकून ठेवायचे. मला बघू द्यायचे नाहीत. "रविवारी," म्हणायचे. घरभर सोल्युशनचा वास असायचा आणि ते जेवताना बोलायचे, छापखान्यातल्या गोष्टी सांगायचे. गोष्टी जुन्याच, पण सांगत होते. मला वाटलं, जमतंय. दादाला तोंडावर पाडायचा मी मनातल्या मनात सरावसुद्धा केला.

रविवारी दुपारी दादा आला. वहिनी खाली गाडीत थांबली, म्हणजे पेटी न्यायची तयारी होती. बाबांनी फडकं काढलं. बूट सुरेख झाले होते. कडा एकसारख्या घासलेल्या, काळ्या केलेल्या, सोल्युशनचा एक थेंब कुठे बाहेर नाही. दादाने दोन्ही उलटेसुलटे करून बघितले.

"झालेत छान," तो म्हणाला, आणि त्यालाही बरं वाटलेलं मला दिसलं.

मी खुर्चीवर बसून बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उभी राहिले.

उभी राहिले आणि घर डावीकडे कललं. डाव्या टाचेखाली काहीच नव्हतं, ती खाली खाली जात राहिली, आणि उजवा पाय कडक, उंच, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवल्यासारखा. मला कळायला क्षणही लागला नाही. बाबांनी सगळं अगदी नीट केलं होतं, फक्त उलट्या पायाला केलं होतं. बुचाचे थर उजव्यात आणि स्पंज डाव्यात. माझा आखूड पाय आणखी आखूड झाला होता. आणि हे बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. ती तर बाबांची सगळी कला होती.

बाबा स्टुलावर बसले. भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले. पाठमोरे बाबा इतके बारीक दिसत होते. शर्टाची कॉलर मानेपासून सुटी उभी होती.

"चाल," ते म्हणाले.

दादा पुढच्या दाराशी उभा होता. पेटी त्याच्या पायाशी. मी एकदा दादाकडे बघितलं, एकदा पेटीकडे, आणि डावी टाच बुटाच्या आत उचलून धरली. डावीकडे चवड्यावर आणि उजवीकडे गुडघा किंचित वाकवून, अशी मी चालायला लागले. कमरेतून कळ थेट मानेपर्यंत गेली. चेहरा मी सरळ ठेवला. काउंटरमागे इतकी वर्षं तेच तर केलंय.

"पुन्हा."

पुन्हा चालले. घाम फुटला. फरशी कधी इतकी लांब वाटली नव्हती.

बाबांनी मान जरा कलती केली. दादाने पेटीच्या कडीला हात घातला. मग काढून घेतला.

"आणखी एकदा, ठके."

मी आणखी एकदा गेले. पुढच्या दाराशी पोचले तेव्हा दाराची चौकट धरून उभी राहिले, सहज उभं राहावं तशी.

"बरोबर," बाबा भिंतीला म्हणाले. "सारखा येतोय."

दादाने श्वास सोडला. "मग काय, जिंकलात," तो म्हणाला. माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी कोलमडता कोलमडता राहिले. जिन्यावरून उतरताना तो वहिनीला मोठ्याने सांगत होता, की बाबा अजून एकदम ठीक आहेत. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्याची दया आली. खाली गाडी सुरू झाली आणि वळून गेली.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण बाबा अजून भिंतीकडे तोंड करूनच बसले होते.

"काढ ते," ते म्हणाले. "कंबर धरेल."

"का? छान झालेत की."

"चवड्यावर चाललीस. लहानपणी खेळायला जायची घाई असली की अशीच चालून फसवायचीस मला."

"तुम्हाला कळायचं?"

"कानाला कळतं ना."

म्हणजे मी खोटं चालले होते आणि ते खोटं बोलले होते, आणि आम्ही दोघांनी मिळून दादाला रिकाम्या हाताने पाठवला होता. मला हसू येणार होतं. मी बूट काढून त्यांच्या मांडीवर ठेवले. ते वळले. दोन्ही अंगठ्यांनी त्यांनी दोन्ही सोल दाबले. एक दबला, एक दबला नाही. पुन्हा दाबले. खिडकीतून उजेड त्यांच्या हातांवर पडला होता, जखमेची रेघ अजून गुलाबी होती.

"उलटं झालंय का हे?" त्यांनी विचारलं.

मी एक सुटलेली नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

"रागावू नकोस ठके." ते बुटांकडेच बघत होते. "आवाज चुकतोय ते कळतंय मला. पण कोणता गं पाय तुझा?"

ते माझं नाव विसरले असते तरी मी सहन केलं असतं. नाव काय, कुणीही ठेवतं. पण हा पाय त्यांनी दर रविवारी मांडीवर घेतला होता. शाळेत जाताना, कॉलेजात जाताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी. मला संताप आला. कुणाचा ते माहीत नाही. ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि डावा पाय उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हा," मी म्हटलं.

त्यांनी टाचेवरून हात फिरवला, घोटा चाचपला, पोटरीपर्यंत गेले. "हा होय," ते म्हणाले, कुणीतरी पत्ता सांगावा आणि आपण मान हलवावी तसे. मग त्यांनी रापी उचलली. बुटाच्या कडेला लावली. आणि थांबले. माझ्या पायाकडे बघितलं, बुटाकडे बघितलं.

"मग हा बूट..."

मी रापी त्यांच्या हातातून काढून घेतली. ते देणार नाहीत असं वाटलं होतं. त्यांनी लगेच दिली, आणि ते मला जास्त लागलं.

"मी कापते. तुम्ही सांगा."

त्यांनी सांगितलं. पातं कसं धरायचं, अंगठा कुठे ठेवायचा, थर फाडायचा नाही, त्याला सुटू द्यायचं. हातांना येत होतं ते सगळं त्यांच्या तोंडून नीट येत होतं. मी दोन्ही सोल उकलले, स्पंज उजव्यात घातला, बूच आणि रबर डाव्यात. सोल्युशन लावून वाळू दिलं, मग ठोकलं. माझ्या हातचं काम कसं व्हायचं तसंच झालं. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला सोल्युशन ओघळलेलं. बाबांनी ओघळ नखाने खरवडला. मी उठून कामाला लागणार तर ते म्हणाले, "पेटीत खडू आहे."

"कशाला?"

"खूण कर डाव्यावर."

"बाबा, खूण कशाला? झालं ना काम."

"उद्या तू दुकानात गेलीस की मी परत हातात घेईन. आणि उलटं करून ठेवीन." ते शांतपणे बोलत होते, मशीनचा कुठला भाग आता टिकणार नाही हे मालकाला सांगत असल्यासारखे. "मोठी कर. मला दिसेल अशी. बाहेरून कर."

मी डाव्या बुटावर, वरच्या बाजूला, पांढरी फुली मारली. काळ्यावर ती ठसठशीत उठून दिसत होती. मग बाबा भिंतीकडे तोंड करून बसले, मी चालले, आणि ते म्हणाले, "कागदाएवढा फरक आहे. राहू दे. चालेल." त्यांनी आयुष्यात कधी राहू दे म्हटलं नव्हतं.

सोमवारी मी ती फुली घेऊन दुकानात गेले. पुसायचं मनात आलं होतं. जिन्यात एकदा थांबून ओढणी हातात धरलीसुद्धा. पण बाबांना दिसावी म्हणून ती केली होती, आणि पुसून संध्याकाळी परत मारायची तर मला ते खोटं वाटलं. रस्त्यात मला वाटत होतं सगळे माझ्या पायांकडे बघताहेत. दुकानात एका बाईंना उंच फळीवरचं औषध हवं होतं म्हणून मला काउंटरबाहेर यावं लागलं. मालकाने बघितलं. "बुटाला काय लागलंय?" म्हणाला.

"खूण आहे," मी म्हटलं. "माझा हा पाय आखूड आहे."

"अच्छा," तो म्हणाला आणि बिलाकडे वळला. इतकंच. ज्यासाठी बाबांनी माझे सगळे रविवार आणि आपले सगळे रविवार घालवले, ते इतक्यात संपलं. मला वाटलं, घरी गेल्यावर बाबांना सांगायचं. हलकं वाटेल त्यांना.

संध्याकाळी दार बाबांनीच उघडलं. मी वाकून नाडी सोडायला लागले, तर त्यांची नजर बुटावर गेली आणि चेहरा एकदम उतरला.

"हे कुणी केलं?"

"काय?"

"ही फुली." ते खाली बसायला लागले. गुडघे कुरकुरले. "कुणी मारली गं? शाळेतल्या पोरांनी?"

"बाबा, काल तुम्हीच..."

"अशी गेलीस? दिवसभर? सगळ्यांनी बघितलं असेल ना." त्यांनी शर्टाचं टोक ओढलं, जिभेने ओलं केलं आणि माझ्या पायातल्या बुटावरची फुली पुसायला लागले. खडू चामड्याच्या रेघांत शिरला होता, लवकर जाईना. ते घासत राहिले. एका हाताने त्यांनी माझा घोटा धरला होता, मी पडू नये म्हणून. डावा. बरोबर डावा.

पेटी आता दादाला बोलावून त्याच्या गाडीत ठेवायची, आणि मीच ठेवायची, हे मला तिथंच, दारात उभ्या उभ्या कळलं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. केस मऊ झाले होते.

शेवटचा पांढरा ठिपका त्यांनी अंगठ्याने पुसला. मग मागे सरून दोन्ही बूट नीट बघितले, एकदा हा, एकदा तो.

"गेली," ते म्हणाले. "रडू नकोस ठके. आता कुणाला कळणार नाही."